साइडबोर्डवरचं पांढरं कडं

१

पॉलिशवर कपाचा डाग दिसला की माझं डोकं फिरतं. उभा जन्म लंडनजवळच्या वायकमच्या फर्निचर कारखान्यात पॉलिश मारण्यात गेला, त्याचीच ही खोड. आमच्या पॉलिशखान्यात सगळ्या बायकाच होत्या आणि सगळ्यांच्या घरी एकच कायदा होता: कप टेकवायचा तर खाली कॉर्कची चकती हवी, नाहीतर हातात धरून प्यायचा. पाहुणा आला की आधी त्याच्यापुढे चकती ठेवायची, मग चहा. चकती ठेवली म्हणजे ‘बस निवांत’ म्हटलं. आमच्या आईने चकती पुढे केली नाही की माणूस समजून जायचा आणि उभ्या उभ्याच काय ते बोलून निघायचा. आईला तोंडाने कुणाला हाकलावं लागल्याचं मला आठवत नाही.

कारखाना कधीच पडला. मी मागच्या शेडमध्ये जुने साइडबोर्ड दुरुस्त करते. साठ सालच्या आसपासचे, लांबलचक, बुटके, बारीक निमुळत्या पायांचे. एका बाजूला काट्याचमच्यांचे कप्पे, दुसऱ्या बाजूला सरकती दारं, आत टेबलक्लॉथ, चांगल्या कपबशा आणि नाताळात निघणारी शेरीची बाटली. एके काळी वायकममध्ये लग्न झालं की पलंगाच्या आधी साइडबोर्ड यायचा. मग एक काळ असा आला की पोरं ते गॅरेजमध्ये टाकून त्यावर रंगाचे डबे ठेवायला लागली. आता लंडनची मंडळी त्याच्यासाठी जीव टाकतात. मला काय, माझे हात चालू राहतात.

माझा भाऊ लेन माझ्याकडे राहायला आला तो पानगळीत. त्याची बायको बेरिल वसंतात गेली. लेनने आयुष्यभर बस चालवली, गाडीभर लोकांशी गप्पा मारल्या, आणि बेरिल गेली त्या दिवशी त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते उघडेना. जेवण पुढे ठेवलं तर बघत बसायचा. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “औषध देण्यासारखं काही नाही, हेझल. पण असंच चाललं तर हा माणूस उन्हाळा बघणार नाही.”

मी लग्न केलं नाही. आईबाप गेले. लेन सोडून मला या जगात कोणी नव्हतं.

२

नोव्हेंबरात कीथ तो साइडबोर्ड घेऊन आला. कीथ म्हणजे माणूस गेल्यावर मागची घरं रिकामी करून देणारा, गोलमटोल, बडबड्या.

“हेझल, हे बघा काय आणलंय! अस्सल सागवान. हँडलसुद्धा लाकडाची, एकही निघालेलं नाही.”

“आणि वरचं काय रे हे? देवीचे व्रण आल्यासारखं दिसतंय.”

वरच्या फळीच्या डाव्या टोकाला कपाचे डाग होते. एकावर एक, एकात एक, शेकड्याने. बाकी फळी स्वच्छ, आणि तेवढ्या वीतभर जागेत इतकी पांढरी कडी की खालचं लाकूड दिसेना. इथे कोणीतरी जन्मभर चहा पीत बसलं होतं आणि त्याला चकती द्यायला घरात कोणी नव्हतं.

“कुणाचं घर?” मी विचारलं.

“बंदच होतं हो. खोलीत हे आणि याच्या शेजारी एक खुर्ची. बाकी काही नाही.” एरवी तासभर थांबणारा कीथ चहा न घेताच गेला.

डागांचं एक असतं. पांढरा डाग वरवरचा, तो पॉलिशमध्येच बसलेला असतो. स्पिरिटचं बोट लावलेल्या जवळजवळ कोरड्या फडक्याने हळूहळू पुसला की जातो. काळा डाग म्हणजे पाणी लाकडात उतरलं, तो कोणाच्या बापाला निघत नाही. हे सगळे पांढरे होते. मी ते काढले, पॉलिशपेपर मारला, नवीन पॉलिशचे हात दिले. पण शेडमध्ये गारठा आणि ओल. दमट हवेत ताज्या पॉलिशवर धुक्यासारखी पांढरी झाक चढते आणि केलेलं सगळं वाया जातं. म्हणून दरवर्षीसारखं मी काम घरात आणलं. कीथला बोलावून साइडबोर्ड बसायच्या खोलीत, गॅसच्या शेगडीच्या समोरच्या भिंतीला लावून घेतला. लेनची खुर्ची त्याच्या डाव्या टोकापुढेच असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या टोकाला एक पांढरं कडं.

“लेन! डोळे फुटले का तुझे? ओलं पॉलिश आहे ते!”

लेनने नुसती मान हलवली. त्याचा कप त्याच्या मांडीवर होता, काठोकाठ भरलेला, गार.

मी तोंडातल्या तोंडात शिव्या देत ते पुसलं. दुपारी शेडमधून आले तर पुन्हा तिथंच. बोट लावलं तर कोमट लागलं.

आता मी काही घाबरट बाई नाही. कारणं शोधत बसले. शेगडीची झळ म्हणावी तर ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला. जुने डाग कधीकधी नव्या पॉलिशमधून वर येतात, तेही खरं, पण मग शेकडो यायला हवे होते. मग मला वाटलं, लेनच खोटं बोलतोय, तेही न बोलता. घरातले सगळे कप आणून त्या कड्यावर ठेवून पाहिले. एकाचंही बूड जुळेना. ते कडं लहान होतं, पूर्वीच्या नाजूक चिनीमातीच्या कपाएवढं. तसला कप माझ्या घरात नाही.

३

असं चार-पाच दिवस चाललं. मी पुसायची, ते उमटायचं. पुसून पुसून तिथलं पॉलिश पातळ व्हायला लागलं आणि माझाही जीव मेटाकुटीला आला. एका दुपारी चहाचा ट्रे घेऊन आले तर माझ्या डोळ्यांदेखत तिथलं पॉलिश पांढरं होत होतं. आधी अर्धं कडं, मग पुरं.

खरं तर त्या वेळी मी ट्रे टाकून पळायला हवं होतं. पण माझं टाळकंच सटकलं. मी काय केलं असेल? खणातून कॉर्कची चकती काढली, तिथे आपटली आणि म्हणाले, “प्यायचंच असेल ना, तर चकतीवर ठेवून पी! रीतभात आहे की नाही काही?”

मागून आवाज आला. मी वळून पाहिलं तर लेन हसत होता. मोठ्याने नाही, नाकातून, लहानपणी चर्चमध्ये हसू दाबायचा तसा. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

“आईच अवतरली,” तो म्हणाला.

बेरिल गेल्यापासूनचे त्याचे ते पहिले शब्द. मी तिथंच सोफ्याच्या हातावर बसले आणि रडले. मग तोही रडला. चहा गार झाला, तो आम्ही तसाच प्यायलो.

चकती उचलायचं माझ्या मनातच आलं नाही. आईची लेक मी, चकती ठेवण्याचा अर्थ मला सांगायला हवा होता का? पण मी ठेवली.

४

त्यानंतर डाग पडला नाही. चकती मात्र कधीही हात लावा, कोमट.

आणि लेन सुधारायला लागला. आधी टोस्टचा एक तुकडा, मग अंडं. दाढी करायला लागला. एका सकाळी मला म्हणाला, “हेझ, किती दिवस तेच सूप करतेस गं? मेलो नाही अजून मी.” मी त्याला म्हटलं, “जिवंत असशील तर उठ आणि बटाटे सोल,” आणि तो उठला की हो! बटाटे सोलता सोलता कुठल्याशा जुन्या बसची हकिगत सांगितली. मी भांडी घासत होते, पाठ वळवून, कारण माझं तोंड त्याला दिसलं असतं तर तो गप्प झाला असता.

दुपारच्या चहाला तो म्हणायला लागला, “तीन कप आण.” मी आणायला लागले. तिसरा चकतीवर ठेवायचा. तो कधी रिकामा झाला नाही. पण ओतताना वाफाळलेला चहा, मी किटलीला टोपरं घालून वळेपर्यंत गारढोण व्हायचा. बघून न बघितल्यासारखं करायची मी. भाऊ जेवत होता माझा.

स्वयंपाकघरातली एक खुर्ची त्याने आपल्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवली. मी शेडमध्ये जायला निघाले की त्याचं बोलणं सुरू व्हायचं. हळू आवाजात, मध्ये मध्ये थांबत, समोरच्याचं ऐकून घ्यावं तसं. “नाही नाही, तो पूल नंतर झाला... हो, तेच म्हणतो मी.” मी दाराआड थांबायची. मला वाटायचं, बेरिलशी बोलतोय बिचारा. बोलू दे. आणि खरं सांगू? मला वाटायचं, खरंच बेरिलच आली असेल. तीच आली असेल तर माझी काही हरकत नव्हती. भली बाई होती.

मग एकदा त्याच्या थांबण्यात मला दुसरा आवाज ऐकू आला. बोलण्याचा नाही. कपात चमचा फिरवण्याचा. सावकाश, गोल गोल, खूप वेळ, भरपूर साखर विरघळवत असल्यासारखा.

लेन साखर घेत नाही. बेरिलला ऐन तिशीपासून मधुमेह होता, तिच्या घरात साखरदाणीच नव्हती. आणि मी ट्रेमध्ये चमचा ठेवला नव्हता.

मी शेडमध्ये गेले, दार लावून घेतलं आणि नुसती उभी राहिले. हातातलं फडकं वाळून कडक होईपर्यंत.

५

साइडबोर्ड विकला गेला होता. लंडनची इमोजेन नावाची मुलगी फोटो बघूनच भुलली होती, ती प्रत्यक्ष बघायला आली. आली ती दारातूनच मला ‘हेझल’ म्हणायला लागली, जशी काही आम्ही एका शाळेत होतो. पण पोरगी मोकळी होती, मला आवडली.

“अय्या, काय सुंदर आहे हो! आमच्याकडे ना, यावर रेकॉर्ड प्लेअर ठेवणार आहोत.”

“ठेवा. कप मात्र ठेवू नका.”

“नाही हो, शप्पथ!” ती हसली, सरकती दारं पुढेमागे करून पाहिली, कप्प्यांचा वास घेतला. मग लेनकडे बघून म्हणाली, “तुम्ही भाऊ ना? बसते हं दोन मिनिटं,” आणि शेजारच्या खुर्चीला हात घातला.

“ती जागा रिकामी नाही,” लेन म्हणाला. अगदी सौम्यपणे, बसमध्ये सांगायचा तसा.

तिला तो विनोद वाटला. हसत हसत तिने खुर्ची आपल्याकडे ओढली. माझी स्वयंपाकघरातली खुर्ची ती, बीचच्या लाकडाची, मी एका हाताने उचलून झाडते. ती हलली नाही. इमोजेनने दुसरा हात लावला. पाठीचा टेका करकरला, पण पाय जमिनीवरून सुटले नाहीत. मग तिने पटकन हात काढून घेतले आणि तळवे कोटाला पुसले.

“शनिवारी गाडी पाठवते,” ती मला म्हणाली. लेनकडे किंवा खुर्चीकडे पाहिलं नाही. दाराशी माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाली, “हेझल, तुम्ही बऱ्या आहात ना?”

“मला काय धाड भरलीय?” मी म्हटलं. तिच्यामागे दार लावलं आणि कडीवरचा हात बराच वेळ काढवला नाही.

६

शुक्रवारी दुपारी चहा केला. डिसेंबरात चारलाच अंधारून येतं. दिवा लावायचा राहिला होता, शेगडीचा तेवढा तांबडा उजेड. ट्रे घेऊन मी दारात आले आणि पाऊल पुढे पडेना.

लेन डोळे मिटून बसला होता. शेजारच्या खुर्चीकडे झुकला होता. डोकं टेकून. कशाला टेकून? तिथे हवाच होती. कमरेपासून वरचं सगळं अंग खुर्चीच्या हाताबाहेर गेलेलं, कान जणू कुणाच्या खांद्याला टेकलेला, त्या बाजूचे केस चपटे दबलेले. एवढं झुकलेला माणूस पडायलाच हवा. तो पडत नव्हता. संथ श्वास चालू होता त्याचा, आणि तोंडावर इतकं सुख होतं की मला माझ्याच भावाकडे बघायची लाज वाटली.

माझी नजर खाली गेली, त्याच्यामागच्या साइडबोर्डच्या दारांवर. माझ्याच हातचं पॉलिश ते. आरशाइतकं नाही, पण चांगलं दाखवतं. त्यात लेनची पाठ दिसत होती. आणि तिच्याशेजारी दुसरी पाठ.

बेरिल एवढीशी होती, त्या खुर्चीवर बसली की तिचे पाय लोंबायचे. ही पाठ लांब होती. फार लांब. लेनच्या डोक्यापर्यंत पोचायला तिला वाकून, दुमडून बसावं लागलं होतं, मोठ्या माणसाने लहान मुलाच्या बाकावर बसावं तसं.

मला पाठ दिसत होती. म्हणजे तोंड माझ्याकडे होतं.

मी वर पाहिलं नाही. तीन कपांचा ट्रे घेऊन, जमिनीकडे बघत, मागे मागे सरकत स्वयंपाकघरात आले. कपबशा इतक्या वाजत होत्या की ते सगळं ऐकलं असणार त्या दुसऱ्याने.

७

शनिवारी सकाळी मी लेनला सांगितलं. सरळ सांगितलं. “आज गाडी येईल. हे धूड जाईल.”

तो अंडं खात होता. चमचा ठेवला.

“लेन, ती बेरिल नाही.”

“मला माहीत आहे.”

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

“अगं, मी काय खुळा आहे का? बेरिलला मी स्वतः मातीत ठेवून आलो. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला.”

“मग कोण आहे ते?”

“विचारलं नाही.”

“का नाही विचारलंस?”

“घरी आलेल्याला कोण असं विचारतं? विचारलं तर ते उठून जाईल.”

“आणि तुला भीती नाही वाटत?”

“वाटते ना. सकाळी वाटते.” त्याने अंड्याचं टरफल बोटाने बारीक बारीक मोडलं. “पण हेझ, तू शेडमध्ये जातेस ना, तेव्हा या घरात जे काही असायचं, किंवा नसायचं, त्याची मला जास्त भीती वाटायची. तू चांगली आहेस. पण तू रोज म्हणतेस, लेन, सावर आता. लेन, खा. लेन, बाहेर जाऊन ये. ते असलं काहीच म्हणत नाही. नुसतं बसतं माझ्याजवळ. तुला नाही कळायचं.”

मला झोंबलं ते. फार झोंबलं. मी कुणासाठी राबत होते? पण मी त्याचं तोंड बघितलं. भरलेले गाल, विंचरलेले केस. आणि केस दबायचे त्या बाजूचा गाल. पांढुरका झाला होता, ओल्या हवेत पॉलिशवर झाक चढते तसा. हात लावला तर गार लागला.

“लेन, हे तुला घेऊन जाईल रे.”

“जाईल कदाचित. पण आधी कसा चाललो होतो ते तू पाहिलंस की.”

काय करायचं मी? साइडबोर्ड दिला तर तो पुन्हा भिंतीकडे बघत उपाशी बसणार, ठेवला तर हा असा. गाडी दारात आली आणि हॉर्न वाजला. मी चपला घालून बाहेर गेले, ड्रायव्हरला म्हणाले, “पॉलिश बिघडलं, नेऊ नका. त्या पोरीला सांगा हेझलने माफी मागितली.” परत आले आणि चहा टाकला. तीन कप.

नाताळ झकास झाला. लेनने शेरी ओतली, कागदी मुकुट घालून बसला, आणि एक मुकुट चकतीशेजारी ठेवला. मीही हसले. माणूस कशालाही सरावतो. फक्त दिवा लावल्याशिवाय त्या खोलीत जात नसे आणि सरकत्या दारांकडे बघत नसे. नव्या वर्षात एकदा पुसायला म्हणून चकती उचलली. खाली कडं होतं. काळं. पॉलिश ओलांडून लाकडात गेलेलं.

मी चकती परत ठेवली आणि लेनला काही सांगितलं नाही.

८

फेब्रुवारीत, बागेत पांढरी फुलं वर आली त्या आठवड्यात, मी दुपारचा चहा घेऊन गेले. दिवा लावला. लेन शेजारी झुकलेला होता, नेहमीसारखा, डोकं टेकून. डोळे अर्धे उघडे. मी ट्रे खाली ठेवला आणि त्याच्या छातीकडे बघत थांबले. छाती हलत नव्हती.

तरी तो पडला नव्हता. गेलेला माणूस असा हवेत तोलून राहत नाही. कोणीतरी धरून ठेवलं होतं त्याला. किती वेळ धरलं होतं देव जाणे, कदाचित मी शेडमध्ये गेल्यापासून.

मला तेव्हा भीती वाटली नाही. आश्चर्य वाटतं आता, पण नाही वाटली. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, पाहुण्याशी बोलावं तशी म्हणाले, “झालं. आता सोडा त्याला. मी आहे.”

मग लेन खाली आला. धाडकन नाही. हळूहळू, मानेला आधार देत कोणीतरी टेकवावं तसा, आधी खांदा, मग डोकं, खुर्चीच्या हातावर. एक हात खाली लोंबत होता, तोही उचलला गेला आणि त्याच्या मांडीवर नीट ठेवला गेला.

चमच्याचा एक लहानसा आवाज झाला, बशीत ठेवल्याचा. नंतर काही नाही.

त्याच्या मयताच्या दिवशी सँडविच आणि केक त्याच साइडबोर्डवर मांडले. बसच्या डेपोतले म्हातारे आले, कीथ आला. सगळ्यांनी चकत्या मागून घेतल्या, माझा धाक सगळ्यांना ठाऊक. कीथ जाताना म्हणाला, “हेझल, हे घेऊन जाऊ का मी आता? घरात कशाला उगाच?” मी नको म्हटलं.

मला वाटलं होतं, आता ते माझ्याजवळ येईल. रात्री दार लावून झोपायची मी सुरुवातीला. उगाच. चकती गार असते. तिसरा कप, आता दुसरा म्हणायचा, मी रोज ओततेच, आणि तो चारचौघांच्या चहासारखा सावकाश गार होतो. चमचा वाजत नाही. शेजारची खुर्ची मी एका हाताने उचलून पाहिली, सहज उचलली गेली. ज्याच्यासाठी आलं होतं तो गेला, तेही गेलं. मला त्याची गरज नाही असं त्याला वाटलं, की मीच त्याला नको होते, कळत नाही. शेडमध्ये जाववत नाही. कीथ नवीन काम आणतो, ते तसंच पडून आहे. सूप करते आणि त्याच्याकडे बघत बसते.

परवापासून मी लेनच्या खुर्चीत बसायला लागले. तिथून शेगडी बरी दिसते. काल दुपारी कोणी बघत नाही ना ते पाहून जरा बाजूला झुकले. लाज वाटली, लगेच सरळ झाले. म्हातारपणी काय हे चाळे, असं मोठ्याने म्हणालेही.

आज दिवा लावला नाही. खुर्ची उचलून पाहिली नाही. डोळे मिटले आणि झुकले, आधी थोडी, मग खुर्चीच्या हातापलीकडे, मग आणखी. लेन पडायला हवा होता तिथवर आले, त्याच्याही पुढे गेले.

पडले नाही.